नांग्या भरण्याच्या कोड्यासाठी ताईंचे आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

ग्रीडी पद्धत, म्हणजे दर पावलाला त्या क्षणी सगळ्यात चांगला दिसणारा पर्याय घेत जाणं, शिकवायला तुम्ही संत्र्याच्या बागेतली ओळ घेतलीत, त्याबद्दल मनापासून आभार. दर ३ मीटरवर एक खूण आणि दोन झाडांत किमान ६ मीटर अंतर, म्हणजे लागून असलेल्या दोन खुणांवर झाडं नकोत. ॲरेत, म्हणजे ओळीने मांडलेल्या घरांच्या यादीत, १ म्हणजे उभं झाड, ० म्हणजे रिकामी जागा. नांग्या, म्हणजे झाडांच्या रिकाम्या जागा, भरताना आणखी जास्तीत जास्त किती कलमं बसतील, एवढाच प्रश्न. नागपूरच्या मुलांना हे चित्र समजावून सांगावंच लागत नाही.

डावीकडून निघायचं. जागा आणि तिच्या दोन्ही बाजू रिकाम्या दिसल्या की कलम लावायचं, आणि तिथल्या तिथे त्या घरात १ लिहायचा. तो १ लिहायचा राहिला, तर ०, ०, ०, ० या ओळीत प्रोग्राम २ ऐवजी ४ मोजतो.

टोकाची चूक त्याहून फसवी. घरांचे क्रमांक ० पासून सुरू होतात, म्हणून पहिल्या घराची डावी बाजू पाहताना क्रमांक उणे १ होतो. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा तिथेच एरर देऊन थांबते; पायथन मात्र उणे १ म्हणजे शेवटचं घर समजतं आणि गुपचूप पुढे जातं! ०, ०, १ मध्ये पहिल्या जागी कलम बसतं, तरी उत्तर येतं ०. दोन्ही टोकांना एकेक ० जोडून फक्त मधली घरं तपासायची, हा तुमचा उपाय सगळ्यात सोपा.

पण सगळ्यात मोठं ऋण आहे ते या पद्धतीचं उत्तर सर्वोत्तमच असतं, याच्या सिद्धतेचं. समजा, सर्वोत्तम मांडणीतलं पहिलं नवं कलम आपल्या पद्धतीने निवडलेल्या पहिल्या जागेच्या उजवीकडे आहे. ते उचलून आपल्या जागी आणा. ही जागा तपासलेली, म्हणून उभ्या झाडांची अडचण नाही. पुढचं नवं कलम तर आणखी लांब पडतं. संख्या घटत नाही. मग उरलेल्या ओळीवर पुन्हा तेच.

ही पद्धत कुठे लंगडी पडते, तेही तुम्ही लपवलं नाहीत. कलमांच्या संख्येऐवजी एकूण उत्पन्न वाढवायचं असेल आणि जागांचं उत्पन्न १, ५, १ असेल तर डावीकडून घेत गेल्यास हाती २ येतात, मधली घेतली तर ५. ‘मोठी आधी’ म्हणावं, तर २, ३, २ मध्ये ४ सोडून ३ मिळतात. तिथे डायनॅमिक प्रोग्रामिंगच हवं, म्हणजे छोट्या भागांची सर्वोत्तम उत्तरं साठवून त्यांतून मोठं उत्तर काढणं.

उत्तर हाताने पडताळायची तुमची रीत आता फळ्यावर कायम असते: दोन झाडांमधल्या शून्यांतून १ वजा करून २ ने भागा, टोकाकडची शून्यं तशीच भागा, अख्खी ओळ रिकामी असेल तर १ मिळवून भागा, बाकी सोडा.

आपले,
प्रोग्रामिंग शिकवणारे आम्ही काहीजण, नागपूर