मा. रस्ते वाहतूक मंत्र्यांना एका नव्या ट्रक ड्रायव्हरचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
रस्ते वाहतूक व महामार्ग, भारत सरकार

विषय: ओव्हरलोड मालकाचा, लायसन्स माझं

साहेब,

सप्रेम नमस्कार. आपण कामाच्या गडबडीत असता, रोज कुठेतरी पुलाचं नाहीतर बोगद्याचं उद्घाटन असतं, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण ते जमेल असं दिसत नाही.

गेल्या आठवड्यात माझं हेवी लायसन्स तीन महिन्यांसाठी सस्पेंड झालं. कारण ओव्हरलोड. गाडी माझी नाही, माल माझा नाही, भरला मी नाही, भाडं माझ्या खिशात आलं नाही. यात माझं म्हणावं असं फक्त लायसन्स होतं, तेच गेलं.

देशात २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत असं आपण भाषणात बऱ्याच वेळा सांगितलंय. मी ते ऐकलं, खरंच ऐकलं. आधी पिकअप चालवायचो, लोकांनी सांगितलं हेवी काढ, मागणी आहे, आयुष्यभर उपाशी राहणार नाहीस. कर्ज काढून कोर्स केला, टेस्ट दिली, बिल्ला-लायसन्स सगळं रीतसर, एजंटला जे द्यायचं असतं तेही रीतसर. आणि लागलो एका छोट्या ट्रान्सपोर्टमध्ये, कारण मोठ्या कंपन्या नवीन माणसाला गाडी देत नाहीत, त्यांना अनुभव पाहिजे. अनुभव मिळतो तो असल्या ठिकाणीच.

असल्या म्हणजे कसल्या ते सांगतो. गाड्या अकरा. त्यातल्या चार शेठच्या नावावर, चार वहिनींच्या, तीन मेव्हण्याच्या. कागदावर तीन कंपन्या. ऑफिस एक, मुनीम एक, शिव्या देणारा एक. हे असं का ते मला आधी कळेना, नंतर एका जुन्या ड्रायव्हरने समजावलं. १९६१ चा मोटर वाहतूक कामगारांचा कायदा पाच किंवा जास्त कामगार असले की लागू व्हायचा, म्हणून गाड्या वाटून टाकायच्या. आता तर नवीन लेबर कोड आलेत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू, त्यात ही मर्यादा दहा कामगारांवर नेलीय. म्हणजे शेठने उगाच वहिनींना त्रास दिला, आता नुसती दोन नावं केली तरी भागलं असतं! प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळणार अशी जाहिरात मी पण बघितली मोबाईलवर. माझं नेमणूकपत्र म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेलं लोकेशन आणि खाली 'सहाला ये'.

पहिल्या ट्रिपला एक उस्ताद सोबत दिला, तो अर्धा रस्ता झोपला. दुसऱ्या ट्रिपपासून मी एकटा, क्लीनरसुद्धा नाही. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हर ठेवावे लागायचे, २०१८ मध्ये आपल्याच मंत्रालयाने नियम बदलून एकावर आणलं. मालकांचा फायदा झाला, अभिनंदन. पण रात्री तीन वाजता लोड गाडी रिव्हर्स घेताना मागे बघायला कोण असतं ते एकदा मंत्रालयातल्या नियम लिहिणाऱ्याला विचारा.

गाडी कशी होती? फास्टॅगमध्ये बॅलन्स नाही, टोलवर वरचा भुर्दंड माझ्या खिशातून, पावती दिली तर मुनीम म्हणणार बघू. मागचे दोन टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवीन रबर चढवलेले, स्टेपनी गुळगुळीत. एकदा हॉल्टवर मी खाली शिरून बघितलं तर ब्रेक लायनर इतके घासलेले की रिव्हेट चमकत होते आणि ड्रमला आतून गोल चरे पडले होते. फोटो काढला, डिस्पॅच बघणाऱ्या शेठच्या भाच्याला पाठवला. निळ्या टिक आल्या. अर्ध्या तासाने अंगठा आला. अंगठा, साहेब! त्या अंगठ्यावर मी घाट उतरलो.

आणि घाटाचं निघालंच आहे तर हे नीट ऐका, कारण हे तुमच्या रोड सेफ्टीच्या पोस्टरवर कधीच नसतं. आमच्याकडे डिझेलचं ॲव्हरेज बांधून दिलेलं आहे, लिटरला साडेचार. तेवढं दिलं नाही की फरक पगारातून कट. दहा टायर गाडी, फुल लोड, मध्ये घाट, आणि साडेचार काढायचे म्हणजे एकच उपाय उरतो, उतारावर न्यूट्रल मारायची. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळं वजन ब्रेकवर येतं, ड्रम तापतात, लायनर जळल्याचा वास येतो आणि मग पाय दाबून काही होत नाही. कोणी तर इंजिनच बंद करतं, मग ब्रेकला हवा देणारा कॉम्प्रेसरही बंद, दर दाबाला हवा कमी होत जाते. हे प्रत्येक मालकाला माहीत आहे, प्रत्येक आरटीओला माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने ४८ गाड्या ठोकल्या, तेव्हा उतारावर इंजिन बंद होतं म्हणून पेपरात आलं. अशा प्रत्येक अपघातानंतर ड्रायव्हरने न्यूट्रल केली हे छापून येतं. ॲव्हरेज किती बांधून दिलं होतं हा रकाना पंचनाम्यात नसतो. मी गिअरमध्येच उतरवतो, त्यामुळे दर महिन्याला माझा पगार कट. बोली १८ हजारांची होती, हातात पूर्ण १८ एकदाही पडले नाहीत.

तासांबद्दल तर तुम्हीच बोलला होतात. सप्टेंबर २०२१ मध्ये तुम्ही म्हणालात की विमानाच्या पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरले पाहिजेत, केबिनमध्ये झोप ओळखणारे सेन्सर बसवले पाहिजेत. मी ती बातमी घरच्यांना वाचून दाखवली होती. त्याला किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा. आमच्या गाडीत सेन्सर एकच आहे, जीपीएस, तो शेठच्या मोबाईलला जोडलेला आहे आणि गाडी वीस मिनिटं उभी राहिली की ड्रायव्हरला झोप लागली हे तो बरोबर ओळखतो, लगेच फोन येतो. गंमत बघा, ई-वे बिल, म्हणजे जीएसटीत माल नेताना काढायचा ऑनलाइन कागद, त्याच्या नियमाने २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. पुणे-नागपूर ७०० किलोमीटर धरा, म्हणजे सरकार स्वतः चार दिवस देतंय. शेठ म्हणतो उद्या सकाळी पार्टीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, गेटवर लाव. आणि लावली तर पार्टी दीड दिवस गेटबाहेर उभी करणार, त्याचा हॉल्टिंग चार्ज शेठ घेणार, भत्ता मागितला की म्हणणार उभाच तर होतास.

आता ओव्हरलोडचं. सळई भरायची होती. कारखान्याच्या आतच वजनकाटा, भरलेली गाडी त्यावर चढली, काट्याची पावती निघाली, पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीला मंजूर वजनापेक्षा, पाच टन जास्त. मी पावती हातात धरून शेठला फोन लावला. तो म्हणाला एंट्री (म्हणजे गाडी अडवू नये म्हणूनचा हप्ता) दिलेली आहे, तू फक्त चालव, नाहीतर गाडी तिथेच लाव आणि चावी ठेवून घरी जा. मागचे दीड महिन्याचे पैसे अडकलेले, काय करणार? कारखान्याच्या माणसाने गेट उघडलं, सलाम पण ठोकला.

पुढे आरटीओच्या वायुवेग पथकाने, म्हणजे रस्त्यावर फिरून गाड्या तपासणाऱ्यांनी, हात केला. पथक बहुतेक नवीन असावं, त्यांच्यापर्यंत एंट्री पोचली नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार आणि जादा प्रत्येक टनाला दोन हजार, म्हणजे ३० हजार. त्याच कलमात लिहिलंय की जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मग काय झालं असेल? शेठने कुठूनतरी पैसे भरले आणि तीच गाडी, तोच माल, तेच पाच टन जास्त, पथकवाले मला म्हणाले जा आता. मला वाटलं सुटलो. मग आली 'कारणे दाखवा' नोटीस. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने सांगितलंय की ओव्हरलोडला किमान तीन महिने लायसन्स निलंबन. बरोबर आहे, मान्य आहे, रस्त्यावर लोक मरतात. पण कलम १९४ मध्ये नुसता चालवणारा नाही, चालवायला लावणारा पण आहे, ते वाचायला कोणाला वेळ नसतो का? मी आरटीओ ऑफिसात काट्याची पावती टेबलावर ठेवली, म्हटलं साहेब हे बघा, भरणाऱ्याचं नाव छापलेलं आहे. क्लार्क म्हणाला तुमचं लायसन्स जमा करा, पावती तुमच्याकडेच राहू द्या.

ते ३० हजार माझ्या खात्यावर उचल म्हणून लिहिलेत. दीड महिन्याचा पगार त्यात वळता केला, वर अजून मीच देणं लागतो म्हणे. गाडी? गाडी दुसऱ्याच दिवशी निघाली. तिच्यावर दुसरा पोरगा चढलाय, माझ्यासारखाच नवीन. त्याला लायनरचं सांगितलं तर म्हणाला, शेठने सांगितलंय नवीन टाकलेत.

मी लेबर ऑफिसला गेलो, ते म्हणाले ट्रान्सपोर्टचं आहे, आरटीओला जा. आरटीओ म्हणाले पगाराचं आमच्याकडे येत नाही. पोलीस स्टेशनला म्हणाले दिवाणी मॅटर आहे. घरी कोर्सच्या कर्जाचा हप्ता, पोरीची फी, आणि बायको विचारते की २२ लाख लोक कमी आहेत ना, मग तू घरी कसा? याला मी काय उत्तर देऊ? तुम्ही द्या.

साहेब, राग एकट्या शेठवर नाही. त्याच्यावर पण फायनान्सचे हप्ते आहेत, आणि पासिंगएवढा माल भरून तो भाड्यात टिकूच शकत नाही कारण शेजारचा भरतोय. रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्ह लाईफ फाउंडेशन या संस्थेने २०२० मध्ये ड्रायव्हरांची पाहणी केली, त्यात ट्रकवाल्यांकडून वर्षाला ४८ हजार कोटींच्या आसपास लाच जाते असा हिशेब आहे. मी मोबाईलवर भागाकार केला, रोजचे १३० कोटी पडतात. हा सगळा पैसा ड्रायव्हरच्या हातातून जातो, मालक देतो, ड्रायव्हर खिडकीतून पुढे करतो, आणि पकडला गेला तर लाच देणारा कोण, तर ड्रायव्हर. बरेच ड्रायव्हर महिन्याला १० ते २० हजारांत आहेत हे पण त्याच पाहणीत आहे.

२०२२ मध्ये रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसं गेली. यावर तुमचा उपाय दरवेळी ड्रायव्हरपाशी येऊन थांबतो. नवीन न्याय संहितेत कलम १०६ (२) आणलं, पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ मध्ये चाकं थांबली, पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा कुठे बोलणी झाली आणि ते कलम बाजूला ठेवलं. म्हणजे ऐकायला येतं, फक्त गाड्या बंद पडल्यावर येतं. एसी केबिन सक्तीची केलीत, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या गाड्यांना. चांगलं केलंत, खोटं बोलणार नाही. पण नवीन ड्रायव्हरला नवीन गाडी कोण देतो? ती जुन्या माणसाला, आणि बीएस-थ्रीचा, म्हणजे जुन्या प्रदूषण नियमाच्या काळातला, डबडा आमच्या नशिबी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी हायवेवर ड्रायव्हरसाठी एक हजार इमारती जाहीर केल्या, झोपायला जागा, जेवण, संडास, पार्किंग. आमच्या रूटवर मी तरी ताडपत्रीवरच झोपलोय, एक कान डिझेल टाकीकडे ठेवून, कारण डिझेल चोरीला गेलं तर तेही माझ्याच पगारातून.

मागणं काय आहे तुमच्याकडे? फार नाही. ई-वे बिलात गाडी नंबर असतो, मालाचं प्रमाण असतं. त्याच नंबरचं पासिंग तुमच्या वाहन पोर्टलवर असतं, आणि नंबर खरा आहे का ते आजही तिथेच तपासलं जातं. मग वजन पण तपासा ना. पासिंगपेक्षा जास्त असेल तर बिलच निघू देऊ नका, गाडी गेटबाहेरच येणार नाही, पथक नको, एंट्री नको, मी पण नको. दोन्ही कॉम्प्युटर सरकारचेच आहेत, त्यांची ओळख करून द्यायला कसली अडचण आहे? आणि ते होईपर्यंत ओव्हरलोडमध्ये ड्रायव्हरचं लायसन्स तीन महिने जात असेल तर त्या गाडीचं परमिट पण तीन महिने ठेवा, आणि भरणाऱ्याचा काटा पण. तीन महिने घरी बसून शेठला आणि कारखान्याला कसं वाटतं ते एकदा बघू. तासांचा कायदा कधी येणार याची तारीख सांगा, भाषण नको. आणि ती दहा कामगारांची अट ट्रकसाठी काढा, कारण एका ट्रकखाली माणूस मरायला एकच ड्रायव्हर पुरतो.

लायसन्स परत मिळेल तेव्हा मिळेल. पगाराचं मात्र आत्ताच सांगा, की कुठल्या खिडकीवर जायचं.

आपला,
एक ट्रक ड्रायव्हर

प्रत: परिवहन आयुक्त आणि कामगार आयुक्त, दोघांनाही माहितीसाठी. कार्यवाहीसाठी कोणाला पाठवायची ते तुम्हीच ठरवा, माझे तर सगळे एकमेकांकडेच बोट दाखवून झालेत.