हवावाल्या मित्रास

मुलुंड (पूर्व)
ऑक्टोबरचा पहिला आठवडा

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार वगैरे नंतर बघू. आधी मला हे सांग, हिवाळ्याआधी ट्रेलरच्या पाइपांतलं पाणी काढायला म्हणून तिकडे अमेरिकेत, मिनेसोटात, माझ्या मनूला फोन करून "कॉम्प्रेसरने हवा मार, दहा मिनिटांचं काम आहे" असं तू कुणाला विचारून सांगितलंस?

मला परवा कळलं. व्हिडिओ कॉलवर मी तिला ट्रेलरखालच्या, पाणी काढायच्या ड्रेनच्या टोप्या दाखव म्हणत होतो, तर पोरगी म्हणते, "बाबा, बाळूकाका म्हणाले एवढं काही लागत नाही." तोंडावर! जिला मी स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकवलं तिने तुझं नाव घेऊन मला गप्प केलं. मागून हिचं हसणं वेगळंच.

पावसाळाभर तुला ना पत्र ना फोन, त्याचा सूड म्हणून हे केलंस असं मी धरून चालतो. फोनवरच भांडलो असतो, पण फोनवर तू मध्येच हसतोस, मग मलाही हसू येतं आणि मुद्दा राहून जातो. इथे हस हवं तेवढं.

तब्येत बरी. शुगर होती तिथेच, गुडघा कुरकुरतो, हिचं बीपी गोळीवर.

तर ट्रेलर, मनूचं ते चाकांवरचं छोटं घर. गेल्या हिवाळ्याची गोष्ट मनूने तुला अर्धीच सांगितली असणार, नाहीतर हवेचं नाव तू काढलं नसतंस. ट्रेलर तिथल्या एका दुकानात दिला होता, हिवाळ्यासाठी पाण्याच्या लाइनी तयार करून द्या म्हणून. पैसे घेतले, बिलावर प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण. वसंतात मनूने बाहेरच्या नळाचा होज जोडला आणि भिंतीच्या आतून झऱ्यासारखा आवाज. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला एक छोटा शॉवर असतो, चिखलाचे पाय धुवायला. तिथपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. वीतभर पाइपात पाणी राहिलं, तेवढं पुरलं. गरम-थंड मिक्सर नळाची बॉडी उभी चिरली. आतलं प्लायवुड फुगून पोटासारखं पुढे आलं. दुकानवाला म्हणे, आमच्याकडून गेला तेव्हा ठीक होता. हे वाक्य जगभर सारखंच दिसतं.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं हे आपल्याला शाळेत शिकवलं होतं, पण पटलं त्या मे महिन्यात. आठवतंय ना? बाहेर ऊन मी म्हणतंय, आपण दोघं बनियनवर, आणि पाणी गार करणाऱ्या चिलरच्या आतल्या तांब्याच्या ट्यूबा बर्फाने फाडलेल्या. भांडुपात! मे महिन्यात! पाण्याचा पंप ट्रिप झाला, पाणी थांबलं की मशीन बंद करणाऱ्या फ्लो स्विचला कोणीतरी वायर मारून बायपास केलेला, कॉम्प्रेसर आपला चालूच. गॅसच्या सर्किटात पाणी. (वायर कोणी मारली याबद्दल मला संशय आहे, तुलाही आहे, आणि तो बिचारा आता गेला, सोडून दे.) म्हणून हे पत्र तुलाच लिहितोय. जावईबापूंना सांगून बघितलं. माणूस सज्जन, पण ९ टक्के म्हटलं की त्याला मुदत ठेव आठवते. बिल्डिंगमध्ये कोणाला सांगू? इथे १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला पारा ७.४ वर आला होता, तो नीचांक म्हणून अजून सांगतात. आणि मिनेसोटात जानेवारीत शून्याखाली वीस-पंचवीस गेला तरी लोक दूध आणायला बाहेर पडतात. आपल्याकडे चौदावर आला की वॉचमन कानटोपी घालतो.

आता तुझी हवा. बाहेरचा नळ जोडायच्या तोंडाला प्लग लावायचा, त्यातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची, एकेक नळ उघडत जायचं. पाणी निघतं, नाही म्हणत नाही. पण प्रेशर किती? चौरस सेंटिमीटरला अडीच किलो, फार तर पावणेतीन. तू तिला काय सांगितलंस? "चांगलं प्रेशर दे." तिने शब्दशः ऐकवलं मला. ज्या शेजाऱ्याचा कॉम्प्रेसर ती आणणार आहे तो गाड्यांचे टायर भरतो, आठ किलोवर कटऑफ होणारा. रेग्युलेटर न बघता सोडला तर प्लास्टिकची फिटिंग्ज हिवाळ्याची वाट बघणार नाहीत, त्याच दिवशी उडतील.

दुसरं. त्या ट्रेलरमधला पाइप सरळ आहे कुठे? कपाटामागून, पलंगाखालून, चाकाच्या खोक्यावरून वरखाली गेलेला. एकदा हवेला वरून वाट मिळाली की खोलगटातलं पाणी जागचं हलत नाही. उसाच्या रसाचा ग्लास संपताना स्ट्रॉ कितीही गुरगुरली तरी तळाला घोटभर उरतोच, तसं. आणि फुटायला घोटभर पुरतं हे त्या शॉवरने दाखवलंय.

तिसरं, आणि याचं उत्तर तुझ्याकडे नाही. पंप. १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, डोक्यात बारीक कप्पे, प्रत्येकाला रबरी व्हॉल्व्ह. बाहेरच्या तोंडातून मारलेली हवा पंपापर्यंत येते आणि त्याच्या एनआरव्हीवर, उलटं काही जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर, थांबते. थांबणारच, त्यासाठीच तो असतो. पंपाच्या डोक्यातलं पाणी तसंच.

माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी ऐक. सगळं ड्रेन कर, मग पंपानेच गुलाबी अँटिफ्रीझ, ते थंडीत पाइप न फोडणारं द्रव, ओढून घे आणि प्रत्येक नळातून, गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी, गुलाबी येईपर्यंत सोड. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं. रेडिएटरमध्ये घालतात ते एथिलीन ग्लायकॉल, विषारी, पिण्याच्या लाइनीत चालत नाही. तू म्हणशील वास, चव, वसंतात धूत बसा. धुवावं लागतं, खरंय. अर्धा दिवस पाणी सोडून ठेव, संपलं. प्लायवुड बदलण्यापेक्षा सोपं आहे.

एक गंमत सांगतो. त्या कॅनवर उणे ५० लिहिलेलं असतं. मनूने गेल्या वर्षी उरलेला कॅन अंगणात विसरला तर त्याचा जानेवारीत लगदा झाला. घाबरून फोन, बाबा, फसवलं आपल्याला. मग तिला समजावलं की ते उणे ५० फॅरनहाइटमधलं, आणि तेही पाइप न फुटण्याच्या हद्दीचं. घट्ट व्हायला ते त्याच्या कितीतरी आधी सुरुवात करतं, पण दगड होत नाही, लगदा होतो, सरकतो. पाइपाच्या अंगावर येत नाही. तिला पटलं. तेव्हा पटत होतं. मग तुझा फोन गेला.

खरी अडचण कुठे आहे तेही सांगतो, हवा की ग्लायकॉल हे भांडण बाजूला ठेवून. अडचण आहे हात पोचण्याची. हे ट्रेलर बनवणारे लोक पाइप आधी टाकतात आणि फर्निचर मागून, आणि दोघांची आयुष्यात गाठ पडत नसावी. गीझर वगळून पाणी पुढे नेणारे तीन बायपास कॉक ड्रॉवरच्या मागे. ड्रॉवर काढायला त्याच्या पट्ट्या काढायच्या. पंप पलंगाखाली, वर फळी, फळीला चारी बाजूंनी स्क्रू. ड्रेनच्या टोप्या खाली चासीला, तिथे पाठीवर सरकत जायचं. हे सगळं बोटं बधिर होणाऱ्या थंडीत, अंधार पडायच्या आत. दुकानातल्या पोराने बाहेरचा शॉवर सोडला, तो मला कळतो रे. माफ करत नाही, पण कळतो. आठ ठिकाणी झोपायला लागलं की नववं ठिकाण माणूस सोडतोच.

म्हणून मी ड्रॉइंग करून पाठवलंय. पलंगाखालच्या फळीत हातभर झडप कापायची, बिजागरी आणि मॅग्नेट लावून. पंपाच्या सक्शनला, म्हणजे ओढायच्या बाजूला, तीन तोंडांचा कॉक: एक टाकीकडे, एक पंपाकडे, तिसऱ्याला होज. तो होज इतका लांब की झडपेतून बाहेर येऊन कॅनमध्ये बुडेल आणि कॅन पॅसेजमध्ये जमिनीवर उभा राहील. मग मनूने फक्त कॉक फिरवायचा आणि पंपाचं बटण दाबायचं. खालच्या ड्रेनच्या टोप्या काढून तिथे पाव फेरीचे बॉल व्हॉल्व्ह, दांडी बाहेरच्या बाजूला, म्हणजे ओणवं होऊन हात पोचेल. हे एकदा बसलं की दरवर्षीचं काम तासाभरात उरकतं, आणि कोणालाही करता येतं. जावईबापूंनाही. बरं, बहुतेक त्यांनाही.

गीझरचं मात्र तिला परत परत सांगावं लागतं. आधी थंड होऊ द्यायचा, प्रेशर काढायचं, मग खालचा प्लग खोलायचा. रिकामा झाला की बायपास. बायपास विसरली तर गीझर आधी स्वतःच्या पोटात सहा गॅलन, म्हणजे २३ लिटरच्या आसपास गुलाबी घेणार, मग नळाला. नाहीतर अख्ख्या लाइनीला दोन-तीन गॅलन पुरतात. आणि विजेचा स्विच! रिकाम्या गीझरचा स्विच चालू राहिला की एलिमेंट गेलाच. तू आपल्या कँटीनमधला घालवला होतास तसा. (घालवला होतास. साक्षीदार हयात आहेत.)

तर त्या कॉकांना लावायला टॅग हवे म्हणून नागदेवीला गेलो. मशीद बंदरला उतरून चालत, त्या हातगाड्यांतून. गल्ली तशीच आहे, माणसं दुप्पट. वाटलं टॅगांबरोबर बॉल व्हॉल्व्हही इथूनच घेऊन पाठवावे, पितळ आपल्याकडचं जड आणि चांगलं. दुकानदार म्हातारा होता, विचारतो कुठे बसवायचाय. अमेरिका म्हटल्यावर त्याने व्हॉल्व्ह माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाला, "काका, आट्यांची आपली पद्धत बीएसपी, त्यांची एनपीटी. अर्ध्या इंचाला आटे दोन्हीकडे इंचाला चौदाच, दोन-तीन फेरे बसतील, मग गळेल." मला माहीत होतं, आट्यांचा कोन आपला ५५ अंश आणि त्यांचा ६० अंश, पण तिथे गल्लीत उभं राहून कोणीतरी आट्यांबद्दल बोललं याचंच बरं वाटलं. घरी कोण बोलतं? चहा पाजला त्याने. धंद्याला वेळ नव्हता तरी.

टॅग तेवढे करून घेतले. पितळी, गोल, अक्षरं ठोकलेली, प्रत्येक कॉकला दोन. दांडी पाइपाला समांतर की आडवी याप्रमाणे "उन्हाळा" आणि "हिवाळा". गीझरच्या स्विचला वेगळा मोठा: "आधी पाणी बघ". तळमजल्यावरच्या जोशींचा मुलगा परत जातोय, त्याच्या बॅगेत गेले. ही म्हणाली, पाच हजार मैलांवर मराठी टॅग कोण वाचणार? पाच नाही, आठ, असं मी म्हटलं आणि विषय तिथेच संपला, कारण तिला अंतराचा हिशेब नको होता.

खरं सांगू का, मीच गेलो असतो. तिकीट काढून, आठवडाभर, आपल्या हाताने बसवून आलो असतो. पण त्या ट्रेलरखाली सरकायचं म्हणजे हा गुडघा, आणि उठवायला तिकडे तू नाहीस. मनू म्हणते, "या ना, पण काम करायला नको." काम करायचं नाही तर मिनेसोटात करू काय? बर्फ बघू?

तुझं कसं चाललंय? वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? पुरानंतर खालच्या खोलीची ओल गेली की नाही ते कळव. धाकट्याचं जमलं असं उडत उडत ऐकलं, अभिनंदन, तारीख चिपळूणची गाडी मिळेल अशी धर, गणपती-शिमगा टाळून. आणि माझा बारा-तेराचा रिंग पाना तुझ्या पेटीत आहे. निळ्या पेंटचा ठिपका बघ म्हणजे पुढचं बोलायला नको.

आता काम. या शनिवारी मनूला फोन कर. तिचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले रात्री आठ, तेव्हा ती चहा घेत मोकळी असते. मी केला तर "हो बाबा" म्हणेल आणि करेल तुझंच. म्हणून तूच सांग. हवा मारायचीच असेल तर आधी मार, रेग्युलेटर अडीच किलोवर, एका वेळी एकच नळ उघडा. पण त्यानंतर गुलाबी ओढायचंच, पंपासकट. बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ आणि संडासाचा फ्लश विसरायचा नाही. शेवटी पंप बंद करून प्रेशर काढ, बाहेरच्या तोंडाची जाळी काढ आणि आतला एनआरव्ही बोटाने दाब, गुलाबी येईपर्यंत. तिथे पाणी उरतं, आणि ते कोणीच काढत नाही.

मी सांगितलंय असं सांगू नकोस. तुझं म्हणून सांग, लगेच ऐकेल.

तुझा,
वश्या

ता. क. बेसिन आणि शॉवरच्या ट्रॅपमध्ये, त्या खालच्या वाकड्या पाइपात, कपभर गुलाबी ओतायचं, हे राहिलं. हेही तुझ्याच नावावर खपव.