पीएम २.५ चा हिशेब द्या

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमामुळे अनेक शहरांतील हवा सुधारल्याचे वृत्त वाचले. सुधारणा झाली असेल तर आनंदच आहे. पण ती कशावरून ठरवली, हेही वाचकांना कळायला हवे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० कणांच्या, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांच्या, प्रमाणावरून मोजली जाते. या कणांत रस्त्यांवरील आणि बांधकामांच्या धुळीचा वाटा मोठा असतो. साहजिकच निधीही रस्ते झाडण्याच्या यंत्रांवर, पाण्याच्या फवाऱ्यांवर खर्च होतो. ती कामे आवश्यक आहेत, नाही असे नाही.

परंतु फुफ्फुसांत खोलवर जाऊन रक्तापर्यंत पोहोचतात ते पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. ते प्रामुख्याने वाहने, कारखाने, औष्णिक वीजकेंद्रे आणि जळता कचरा यांच्या धुरातून येतात. फवाऱ्याने हा धूर थांबत नाही. या कणांसाठी आपली वार्षिक मर्यादा २००९ पासून घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी अवघी ५ आहे. धूर ओकणाऱ्या उद्योगाला टाळे लावण्याचा अधिकार १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याने प्रदूषण नियंत्रण मंडळांना दिला आहे. मोजमापच धुळीचे राहिले, तर तो अधिकार वापरण्याची निकड कोणाला वाटणार? यापुढे प्रत्येक शहराचे मूल्यमापन आणि निधी पीएम २.५ च्या वार्षिक सरासरीशी जोडावा आणि ते आकडे प्रत्येक हवामापन केंद्रानुसार जाहीर करावेत.

– एक वाचक