अपिलाआधीच्या कामाबद्दल आभार

आदरणीय वकील मॅडम,
स. न. वि. वि.

माझ्या थोरल्या भावाला मंजूर झालेल्या नुकसानभरपाईविरुद्ध विमा कंपनीने केलेले अपील उच्च न्यायालयाने फेटाळले, त्याबद्दल आम्हा सर्वांतर्फे आपले मनःपूर्वक आभार. त्या निकालाचा पाया आपण कामगार न्यायालयातच घातला होता, त्यामुळे आभार मानायचे आहेत ते विशेषतः तिथल्या कामाचे.

पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्रात, दादाचा उजवा पंजा चिरडला. दाखल्यावर अपंगत्व 40 टक्के लिहिले होते आणि भरपाईही तेवढ्याच हिशेबाने द्यावी, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. आपण डॉक्टरांना साक्षीला बोलावले, पत्र्याचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला आणि तो उजव्या हाताने धरून डायखाली (यंत्राच्या साच्याखाली) सरळ बसवणे या माणसाला जमेल का, एवढेच विचारले. बोटे मिटत नाहीत, त्यामुळे जमणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि तसे नोंदवलेही गेले. शरीराचे अपंगत्व वेगळे आणि कमाईच्या क्षमतेतील घट वेगळी, हे मांडताना आपण प्रताप नारायण सिंह देव प्रकरणातील 1975 चा निकाल दाखवलात. डावा हात कोपराच्या वर गमावलेला सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेल्याचे त्यात मान्य केले होते.

अपिलाची नोटीस आली तेव्हा मात्र घरात सगळ्यांचे धाबे दणाणले. तेव्हा लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या कलम 30 नुसार कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय अपील चालत नाही आणि वस्तुस्थितीबाबत आयुक्तांचा निर्णय अखेरचा असतो, हे आपण शांतपणे समजावलेत. (हे आयुक्त म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच, हे आम्हाला तेव्हा कळले.) निष्कर्षाला पुराव्याचा आधारच नसेल तर मात्र उच्च न्यायालय हात घालू शकते, हेही आपण लपवले नाही. कंपनीने तोच मुद्दा रेटला, पण डॉक्टरांच्या जबानीपुढे तो टिकला नाही.

दादा आता निकालाची प्रत युनियनच्या कार्यालयात ठेवतो आणि दावा लावायला निघालेल्या प्रत्येकाला आधी विचारतो, की डॉक्टर साक्षीला येणार आहेत ना.

आपला कृतज्ञ,
एका कामगाराचा धाकटा भाऊ