धावफलकाखाली पावसाचीही एक ओळ हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

19 ऑक्टोबर 2025 ला पर्थच्या पावसाने छोट्या झालेल्या एकदिवसीय सामन्यात भारताने 26 षटकांत 9 बाद 136 धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाला तितक्याच षटकांत 131 चे लक्ष्य मिळाले. 'आपण 136 केल्या, मग त्यांना पाच कमी कशा?' यावरून आमच्या घरी दोन दिवस वाद चालला. मी मुलांना 2018 चा ब्रिस्बेनचा टी-ट्वेन्टी सामना आठवून दिला. तिथे ऑस्ट्रेलियाच्या 17 षटकांत 4 बाद 158 होत्या, आपल्याला लक्ष्य मिळाले 174, आणि 169 करूनही आपण हरलो.

दोन्हीकडे नियम एकच. पावसाने षटके कमी झाली की लक्ष्य ठरवणारी डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धत (डीएलएस) नुसती षटके मोजत नाही, हातातले गडीही धरते. ब्रिस्बेनला पाऊस आला तेव्हा ऑस्ट्रेलियाचे तीनच गडी बाद होते. शेवटच्या चार षटकांत ते तुटून पडले असते. ती संधी गेली, म्हणून लक्ष्य वाढले. पर्थला पहिला पाऊस आला तेव्हा रोहित, गिल आणि कोहली तिघेही तंबूत परतले होते. अशा डावातली षटके गेली तर नुकसान कमी. ऑस्ट्रेलियाची मात्र दहाही गडी शाबूत असताना 24 षटके गेली, म्हणून त्यांचे लक्ष्य घटले. मला तरी हे न्याय्य वाटते. 1992 च्या विश्वचषकातल्या उपांत्य सामन्यात, सिडनीला, इंग्लंडविरुद्ध दक्षिण आफ्रिकेला 13 चेंडूंत 22 हव्या होत्या. पावसानंतर एका चेंडूत 21 उरल्या. तेव्हाच्या नियमात इंग्लंडची सर्वांत कमी धावांची षटके वगळली जात, म्हणजे आफ्रिकेने टाकलेली निर्धाव षटके तिच्याच मुळावर आली. हे ज्यांनी पाहिले ते नव्या पद्धतीला सहसा नावे ठेवणार नाहीत.

गोंधळ खेळाडूंचाही होतो. 2003 च्या विश्वचषकात डरबनला 229 ही बरोबरीची धावसंख्या होती. तीच विजयाची समजून दक्षिण आफ्रिकेच्या बाउचरने पावसाने खेळ थांबण्यापूर्वीचा शेवटचा चेंडू नुसता तटवला. सामना बरोबरीत सुटला आणि यजमान स्पर्धेबाहेर गेले.

वृत्तपत्रांत मात्र 'डीएलएसनुसार' एवढा एकच शब्द येतो. माझी विनंती आहे की आपण धावफलकाखाली एक ओळ वाढवावी: पाऊस कितव्या षटकात आला, तेव्हा किती बाद किती होत्या आणि दोन्ही डावांची किती षटके गेली. पर्थच्या सामन्यानंतर ती ओळ छापलेली असती, तर मी मुलांपुढे अंक ठेवूनच बोललो असतो.

आपला नियमित वाचक,
सांगली