दानाचा हिशेब होतो, शिकवणीचा कधी? : संडे स्कूल समितीचं आवाहन

आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या सर्व वडीलधाऱ्यांना, आयाबहिणींना आणि तरुणांना सलाम.

दर रविवारी उपासना संपली की बाजूच्या खोलीत दानाची थैली टेबलावर उलटी होते. दोघे मोजतात, तिसरा लिहितो, तिघांच्या सह्या होतात. एकदा चौदा रुपये कमी भरले तेव्हा खजिनदारांनी सगळ्यांना अर्धा तास बसवून पुन्हा मोजायला लावलं होतं. (नाणी थैलीच्या शिवणीत अडकली होती.) त्याच सकाळी, उपासनेआधी तासभर, त्याच खोलीत संडे स्कूलच्या वर्गात आपल्या मुलांना देवाबद्दल काहीतरी सांगितलेलं असतं. काय सांगितलं, बरोबर सांगितलं का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आमच्या वहीत फक्त हजेरी आहे.

हे आवाहन पैशासाठीही आहे, पण पैशाचं शेवटी बोलू. आधी एक घडलेली गोष्ट सांगायची आहे. चूक माझी होती, म्हणून समितीने ती लिहायचं कामही माझ्याच गळ्यात घातलं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या रविवारी प्रार्थनेचा पाठ होता. शनिवारी कांद्याची गाडी भरता भरता रात्र झाली आणि मी तयारी न करताच वर्गात उभा राहिलो. वेळ निभावून न्यायची म्हणून बोलत सुटलो : विश्वासाने प्रार्थना केली की देव ऐकतोच, आजारी माणूस बरा होतोच. पुढे बसलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने हात वर केला. "सर, आणि नाही झाला तर?" मी म्हणालो, "मग आपल्या विश्वासात काहीतरी कमी असेल." तेवढ्यात घंटा झाली आणि मुलं खाऊला पळाली.

पुढचे दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी तिची आजी आली. चपला बाहेर काढून, पदर सावरून दारातच उभी राहिली.

"भाऊ, एक इचारायचं व्हतं. पोरगी रातची उठून बसती. म्हनती, आजोबा दवाखान्यात व्हते तवा मला झोप लागली, प्रार्थना राह्यली, म्हनून आजोबा गेले. असं बायबलात कुठं लिवलंय का? लिवलं आसंल तर मला दाखवा."

मला दाखवता आलं नाही. लिहिलंय ते उलटंच. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. हा उतारा मी दहा वेळा शिकवला असेल. गरज पडली त्या दिवशी तो तोंडात आला नाही, कारण तयारी नव्हती आणि मला ऐकणारं, अडवणारं दुसरं मोठं माणूस वर्गात नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर बसून मुलीला सांगितलं, "बाई, त्या दिवशी मी चुकीचं शिकवलं." ती म्हणाली, "मग खरं काय?" मी म्हणालो, "काही माणसं बरी होतात, काही होत नाहीत, का ते मला माहीत नाही. मित्र लाजर मेला तेव्हा येशू रडला होता, हे मात्र माहीत आहे." ती काही बोलली नाही. आता ती वर्गाला येते, पण पुढे बसत नाही. दाराजवळ बसते.

तेव्हापासून याकोबाच्या पत्रातला तिसरा अध्याय आम्ही समितीत पुन्हा पुन्हा वाचतोय. तुमच्यातल्या पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, असं तो सरळ सांगतो, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होणार आहे. शिक्षक मिळत नाहीत म्हणून आवाहन काढायचं आणि त्यातच हे वचन घालायचं, यावर समितीत बराच वाद झाला. एक जण म्हणाले, "हे वाचून आहेत तेही पळतील." पळोत बापडे. नाव देण्याआधी हे वचन वाचलेलं बरं. इब्री लोकांस पत्रात पुढाऱ्यांबद्दल तर मराठी बायबलने आपला रोजचा शब्दच वापरलाय : हिशेब. त्यांना हिशेब द्यायचा आहे, म्हणून ते जिवांची राखण करतात. आणि लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायची गोष्ट मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. ती मी त्या आठवड्यात वाचली. झोप लागली नाही.

ही काळजी आपल्यालाच पहिल्यांदा पडलेली नाही. साधारण सन ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या देओग्रातियस नावाच्या डीकनने (मंडळीतल्या सेवकाने) बिशप ऑगस्टीनकडे रडगाणं गायलं होतं : नवख्या लोकांना विश्वास शिकवताना मला स्वतःचंच बोलणं रटाळ वाटतं, काय करू? ऑगस्टीनने उत्तरादाखल पुस्तकच लिहून पाठवलं. त्यात थोर विचार आहेतच, पण मला आवडलेली सूचना अगदी साधी आहे : ऐकणारा उभा राहून दमला असेल तर त्याला बसायला द्या. शहाबादी फरशीवर डिसेंबरच्या सकाळी बसणाऱ्या आपल्या मुलांचे पाय ज्याने पाहिलेत, त्याला हे लगेच पटेल. १५२८ च्या सुमारास जर्मनीत सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करताना धर्मसुधारक मार्टिन लूथरला काय दिसलं? लोकांना प्रभूची प्रार्थनासुद्धा धड येत नव्हती, आणि कित्येक पाळकांना शिकवता येत नव्हतं. तो लोकांवर चिडलाच, पण ख्रिस्ताला उत्तर काय देणार, हा सवाल त्याने बिशपांना केला. १५२९ मध्ये त्याने घराघरात आईबापांनी शिकवावी अशी लहान प्रश्नोत्तरी काढली.

आणि आपल्या मराठीत? इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात, साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. त्याच्या आरंभीच एक नवख्रिस्ती माणूस पाद्रीला अडवतो : तुमची शिकवण चांगली, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, आता आम्ही वाचायचं काय? स्टीफन्सने त्याला गप्प बसवलं नाही. दहा हजारांहून जास्त ओव्या रचल्या. एका विद्यार्थ्याच्या एका प्रश्नाला इतकं लांब उत्तर मराठीत तरी दुसऱ्या कुणी दिलेलं मला माहीत नाही.

आमच्या वर्गात गेल्या वर्षापासून प्रश्नवही आहे. तासाची शेवटची दहा मिनिटं मुलांची. ती विचारतात, आम्ही लिहून घेतो. उत्तर येत नसेल तर "पुढच्या रविवारी सांगतो" असं म्हणायचं आणि खरंच सांगायचं. त्या वहीतले काही प्रश्न : "तारवात झुरळंपण घेतली होती का?" "यहूदाने माफी मागितली असती तर?" "मैत्रिणीकडे गणपती बसतात. तिच्या आईने मोदक दिला तर खाऊ का?" पहिल्यावर हसलो. दुसऱ्यावर पाळकांनी एक पूर्ण तास घेतला. तिसऱ्यावर शिक्षकांमध्येच दोन मतं निघाली. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल पौलाने करिंथकरांना लिहिलेलं वाचून, शेवटी घरच्यांशी बोलून ठरवावं, असं आम्ही सांगितलं. एक गोष्ट मात्र एकमताने ठरली : शेजाऱ्याच्या देवाची टिंगल करून ख्रिस्त शिकवायचा नाही. आपण नगर जिल्ह्यातली माणसं आहोत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक सांगत, आणि त्यांची भजनं म्हणत आपण मोठे झालो. दारावरून दिंडी जाते तेव्हा वर्गात नाक मुरडणाऱ्या शिक्षकाने टिळकांचं भजन कुठल्या तोंडाने सुरू करायचं?

आता समितीने काय ठरवलंय ते सांगतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने त्याला मान्यता दिली आहे. प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं, आणि ती नवरा-बायको किंवा एकाच घरची नसावीत. पाठाचं टाचण गुरुवारपर्यंत पाळकांच्या हातात. टाचण नसेल तर त्या रविवारी तो शिक्षक गोष्ट वाचून दाखवेल, स्वतःच्या पदरचं काही सांगणार नाही. चूक झाली तर ज्या वर्गात झाली त्याच वर्गात ती कबूल करायची. आईवडिलांनी कधीही, न सांगता, मागे येऊन बसावं. वर्षाच्या सभेत दानाचा जमाखर्च वाचला जातो, त्याच्या लगेच नंतर शिकवणीचा हिशेब वाचला जाईल : काय शिकवलं, काय राहिलं, कुठे चुकलो. पहिला हिशेब मी वाचणार आहे.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल इथे कुणाचाही मुलाहिजा नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. "मंडळीची बदनामी होईल, आपापसात मिटवू" हे वाक्य या समितीत चालणार नाही. त्याचप्रमाणे कुठलंही मूल आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय वर्गात घेतलं जाणार नाही, मग ते आपल्या मुलांच्या मागे खाऊसाठी आलेलं शेजारचं पोर असलं तरी. त्याला खाऊ द्या आणि प्रेमाने घरी सोडून या.

तर पहिली मागणी माणसांची आहे. आज चार वर्गांना मिळून पाच शिक्षक आहेत आणि त्यातले दोघे साखर कारखान्याच्या पाळीप्रमाणे येतात. वर्गाला दोघे धरले तर अजून तीन तरी हवेत, खरं तर पाच. सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेची, पदवी नको. गोष्ट सांगता येणारी आई चालेल, निवृत्त सिस्टर चालतील, कॉलेजची पोरं चालतील. शनिवारी संध्याकाळी पाच ते सात तयारीला बसावं लागेल, हे आधीच सांगतो, कारण रविवारच्या एका तासाला हो म्हणणारे पुष्कळ आणि शनिवारच्या दोन तासांना घरी पाहुणे येतात. मुलांसमोर "मला माहीत नाही" म्हणता येणं आणि कुणी दुरुस्त केलं तर राग न धरणं, या दोन गोष्टी मात्र लागतील. बायबलातला अपुल्लोस मोठा वक्ता होता, शास्त्रात पारंगत होता. त्याच्या शिकवणीत राहिलेली उणीव दाखवली ती तंबू शिवणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने, आणि तीही चारचौघांत नव्हे, आपल्या घरी नेऊन. आमच्यात प्रिस्किल्ला कमी पडतायत. ज्या बायका दर रविवारी मागच्या बाकावरून हळूच "हे काही बरोबर नाही" म्हणतात, त्यांनी कृपया पुढे यावं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठीही एक विनंती आहे. दिवाळीनंतर मुलं जातात आणि चार-पाच महिन्यांनी परततात तेव्हा वर्ग कुठल्या कुठे गेलेला असतो. अशा मुलांना आठवड्यातून एकदा फोनवर पाठ वाचून दाखवायला तीन-चार जण हवेत. शक्यतो बायका, आणि फोन आईच्या किंवा वडिलांच्याच मोबाइलवर, स्पीकर लावून.

आता पैसे. एकूण ४८,००० रुपये लागतील. दोन्ही खोल्यांच्या दारात काच बसवून घ्यायची आहे, बाहेरून आत सगळं दिसावं म्हणून : ७,५०० रुपये, सुताराचा अंदाज लेखी आहे. सतरंज्या ८,००० (ऑगस्टीनच्या नावे). मोठ्या टाइपातली बायबलं आणि प्रश्नवह्या १२,५००. उरलेले २०,००० शिक्षकांच्या तीन दिवसांच्या शिबिरासाठी, त्यात ज्या आया शिक्षक आहेत त्यांची लहान मुलं सांभाळण्याचा खर्चही धरलाय. एका सद्गृहस्थांनी मोठा टीव्ही देऊ केला होता, आभार मानून नको म्हटलं. टीव्ही लावला की शिक्षक मागे जाऊन बसतो, हे आम्हाला आमच्यावरूनच माहीत आहे. मुलांना छापील टी-शर्टही नकोत.

रोख दिलीत तर तिथल्या तिथे पावती घ्या, पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. या देणगीवर आयकरात सवलत मिळणार नाही. परदेशातल्या नातेवाइकांबद्दल बरेच जण विचारतात : आपल्या ट्रस्टकडे परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी एफसीआरएची नोंदणी नाही, म्हणून ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांची देणगी आपल्याला घेता येत नाही. आखातात नोकरीला असलेली, भारतीय पासपोर्टवरची आपली मुलं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवू शकतात. तिकडच्या मित्रांकडून गोळा करून मात्र नको.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी मनाला लावून घेऊ नये. उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानण्याच्या, दिवशी लिलावाला जे आणाल, मेथीची जुडी, लिंबं, कोंबडी, त्यातला यंदाचा अर्धा भाग याच कामाला देण्याचं पंच कमिटीने कबूल केलंय. मागच्या वर्षी एक भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणारा दर वेळी परत दान करत होता. तो भोपळेवाला यंदाही यावा.

येत्या चार रविवारी उपासनेनंतर व्हरांड्यात टेबल असेल. त्यावर दोन वह्या असतील, एक देणगीची, एक शिक्षकांच्या नावांची. दुसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या आजींनी अंगठा उठवलाय. त्या शिकवणार नाहीत; मागे बसून ऐकणार आहेत आणि पटलं नाही तर "दाखवा" म्हणणार आहेत. त्यांच्या शेजारी अजून दोन खुर्च्या मोकळ्या आहेत. पेन दोरीने बांधून ठेवलंय, मागच्या वेळी दोन गेली.

संडे स्कूल समितीच्या वतीने,
कार्यवाह