सणाच्या नावाखाली पोरांना दारू पाजणं बंद करा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

धुळवडीला पिऊन गाड्या चालवणाऱ्यांबद्दल दरवर्षी तुमच्या पेपरात येतं, नाकाबंदी, केसेस, सगळं, आणि ते यायलाच पाहिजे. त्याच सुमाराला आमचा, म्हणजे ज्यूंचा, पुरीम सण असतो, पौर्णिमा बहुतेक वेळा एकच, आमची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाची, जुनी माणसं तर पुरीमला होळीचा सणच म्हणायची. म्हणून आज आमच्या घरातलं बोलतो, कारण असलं काही झालं की आपल्यातच दाबून टाकायची सवय आम्हालाही आहेच.

मुंबई-ठाण्याची काही पोरं इस्रायलला जातात, अश्दोद, दिमोना, बेरशेबाला प्रत्येकाचं कोणी ना कोणी असतंच, आणि त्यातला एखादा येशिवात म्हणजे धर्मशिक्षणाच्या निवासी शाळेत राहतो. अमेरिकेहूनही बारावीनंतर एका वर्षासाठी भरपूर पोरं येतात, तिकडे दारूचं वय 21, इस्रायलमध्ये 18 पूर्ण झालं की बाटली सरळ दुकानात मिळते, आईबाप हजारो मैल लांब, वर्षभर सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यास आणि शिस्त, आणि मग पुरीम किंवा सिम्हात तोरा (धर्मग्रंथाचं वर्षाचं वाचन पूर्ण झाल्याचा सण) आला की त्या दिवशी सगळं माफ. वाईन राहते बाजूला, व्होडका आणि व्हिस्की चालते. पुरीमला पोरं देणगी गोळा करायला घरोघर फिरतात आणि बऱ्याच घरी त्यांच्या हातात एक पेग ठेवतात, प्रत्येक घरवाल्याला वाटतं मी एकच दिला, पण पोरगं दहा घरं फिरलेलं असतं त्याचं काय?

माझ्या भाच्याने गेल्या पुरीमला व्हिडिओ पाठवला होता. जिन्यात एक मुलगा बसलाय, डोक्यावरचा सोनेरी कागदाचा मुकुट कानावर आलाय, पांढऱ्या शर्टावर उलटी, एका हाताने कठडा धरलाय, आणि एक दाढीवाला मोठा माणूस त्याच्या दुसऱ्या हातातल्या प्लास्टिकच्या छोट्या ग्लासात परत ओततोय. आजूबाजूला गाणी, हसणं. माझी बहीण आग्रीपाड्यात बसून ते बघत होती, त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. मला राग त्या पोराचा नाही येत, ओतणाऱ्याचा येतो.

विचारलं की उत्तर ठरलेलं, तालमूदमध्ये, म्हणजे आमच्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, लिहिलंय. लिहिलंय, खरं आहे, त्यातल्या मेगिला नावाच्या भागात रावा हा पंडित म्हणतो की पुरीमला इतकं प्यावं की पुरीमच्या गोष्टीतल्या दुष्ट हामानला शाप आणि ज्यूंना वाचवणाऱ्या मोर्देखायला आशीर्वाद यातला फरक कळू नये. पण त्याला लागूनच पुढे काय आहे ते कोणी वाचत नाही का? राब्बा आणि रब्बी (धर्मगुरू) झेरा हे दोन पंडित एकत्र पुरीमला बसले, राब्बाला चढली आणि त्याने झेराचा गळा चिरला, दुसऱ्या दिवशी प्रार्थना केली म्हणून तो जिवंत झाला, आणि पुढच्या वर्षी परत बोलावणं आलं तेव्हा झेरा म्हणाला, दर वेळी चमत्कार होत नसतो. रामबाम, म्हणजे बाराव्या शतकातला मोठा धर्मशास्त्री मायमोनिडीज, म्हणतो की चढेपर्यंत वाईन पी आणि झोप लागू दे. पोलंडचे रब्बी मोशे इसरलिस म्हणतात रोजच्यापेक्षा थोडी जास्त घेतली आणि झोपलं तरी पुरे. आणि ज्या एस्तेरच्या पुस्तकावरून हा सण आहे त्यात पहिल्याच अध्यायात, हिंदुस्तानापासून कूशपर्यंत राज्य करणाऱ्या त्या पर्शियाच्या राजाच्या मेजवानीत, पिण्याची कोणावर सक्ती करायची नाही असा हुकूम आहे. मग 17-18 वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर 'घे रे, आज मित्झवा (धर्माची आज्ञा) आहे' म्हणणं ही सक्तीच झाली ना?

अजून एक, हे प्लीज छापाच. फार प्यायलेल्या पोराला 'झोपू दे, उतरेल' म्हणून खोलीत एकटं सोडून दार लावू नका. शेवटचा घोट घेतल्यावरही रक्तातली दारू काही वेळ चढतच असते आणि उताणं झोपलेल्या माणसाची उलटी श्वासनळीत जाते. कुशीवर झोपवा, कोणीतरी शुद्धीतलं माणूस शेजारी बसू दे, हलवून जाग येत नसेल किंवा श्वास फार हळू, थांबून थांबून चालत असेल तर वाट न बघता ॲम्ब्युलन्स, इकडे 108, इस्रायलमध्ये 101. कॉफी पाजून, डोक्यावर पाणी ओतून काही होत नाही.

आमच्या आज्या-पणज्यांनी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्या सरबतावर किद्दूश (सणावाराला वाईनच्या पेल्यावर म्हणायची प्रार्थना) केला, अजूनही कित्येक घरांत तोच करतात, मनुकांचं चालतं असं शास्त्रातही आहे. कोकणातल्या गावागावांत पिढ्यानपिढ्या शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळला गेला तो असाच, त्यात कोणाचा धर्म कमी पडला नाही.

मुलांना तिकडे पाठवणाऱ्या आईबापांनी संस्थेला आधीच लेखी विचारावं की त्या दिवशी दारू कोण देणार, वयाची अट काय, आणि न पिता लक्ष ठेवायला कोण असणार. आणि आपल्या मुंबईतल्या सिनेगॉगच्या कमिट्यांनीही सणाआधीच्या शब्बाथला उभं राहून सांगावं की इथे कॉलेजच्या पोरांच्या ग्लासात व्हिस्की पडणार नाही, महाराष्ट्रात तर कायद्याने व्हिस्कीसाठी वय 25 आहे.

आपला,
एक बेने इस्रायल वाचक, भायखळा, मुंबई